इंजिनात मॅग्नेशियमचा वापर इतका कमी का?

प्रश्न: मॅग्नेशियमची घनता अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे दोन-तृतीयांश असूनही मोटारींमध्ये तो बहुधा स्टिअरिंग व्हीलचा सांगाडा किंवा डॅशबोर्डमागचा आडवा बीम एवढ्यापुरताच का दिसतो?

उत्तर १: इंजिनातही तो वापरला गेला आहे. जुन्या फोक्सवॅगन बीटलचा क्रँककेस (इंजिनाच्या मुख्य दांड्याभोवतीचे कवच) मॅग्नेशियमचाच होता. मात्र ते इंजिन हवेने थंड होत असे, आणि खरी मेख तिथेच आहे: इंजिन थंड करणारा द्रव, म्हणजे कूलंट, मॅग्नेशियमला गंजवू शकतो. बीएमडब्ल्यूच्या एन५२ इंजिनात कूलंट मॅग्नेशियमला लागू नये म्हणून सिलिंडर आणि कूलंटचे मार्ग अ‍ॅल्युमिनियमच्या गाभ्यात ठेवून त्याभोवती मॅग्नेशियम ओतले होते. बोल्टही अ‍ॅल्युमिनियमचे होते, कारण ओलाव्यात पोलादाशी संपर्क आला की मॅग्नेशियमच झपाट्याने गंजते.

उत्तर २: माझ्या मते उष्णता हे तितकेच मोठे कारण आहे. एझेड९१ हा नेहमीचा मिश्रधातू साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे दाबाखाली हळूहळू आकार बदलतो आणि बोल्टची पकड सैल होते. म्हणूनच एन५२साठी स्ट्रॉन्शियमयुक्त एजे६२ निवडला गेला.

प्रश्नकर्ता: आणि आगीचे काय?

उत्तर १: जाड ओतीव भाग सहजी पेटत नाही. धोका यंत्रणकामातल्या बारीक किसाचा असतो, आणि त्यावर पाणी मारणे तर घातकच, कारण त्यातून हायड्रोजन निर्माण होतो.