गोणपाट, सुतारी गोंद आणि भेगा: चित्रात योगायोगाला किती वाव द्यावा?

तरटवाला:
गेली तीन वर्षे मी नोकरी सांभाळून अमूर्त चित्रे करतो आहे. तांदळाच्या रिकाम्या गोणपाटावर रंग जसा मुरतो तसा कॅनव्हासवर मुरत नाही, हे ध्यानात आल्यापासून तरट, पत्र्याला लावायचा ऑइल पेंट आणि सुतारकामाचा पांढरा गोंद हेच माझे साहित्य झाले आहे. गेल्या महिन्यात चौकटीवर ताणलेल्या गोणपाटावर गोंद आणि व्हायटिंग पावडर (खडूची भुकटी) यांचा बोटभर जाड थर दिला. रात्रीतून त्याला उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा पडल्या आणि सकाळी ते पाहून मी हरखून गेलो. तिसऱ्या दिवशी चौकट हलवताना मात्र ढेकळे खाली आली. त्याहून बोचला तो एका स्नेह्याचा प्रश्न: "भेगा आपोआप पडल्या, मग यात तुझे काय?" भेगा टिकवाव्यात कशा आणि या प्रश्नाला उत्तर काय द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दाभण:
आधी टिकण्याविषयी. पाणी उडते तसा थर आकसतो, खालचा आधार मात्र आकसत नाही, म्हणून थर फाटतो. थर जाड असेल तर भेगा रुंद व त्यांमधले तुकडे मोठे होतात, पातळ असेल तर बारीक जाळी पडते. आपले चुकले ते आधारात. गोणपाट लवतो आणि वाळलेला थर लवत नाही. इटलीतील आल्बेर्तो बुर्री (१९१५–१९९५) याने १९७० च्या दशकात 'क्रेत्तो' म्हणजे भेगांची चित्रे केली, तेव्हा केओलिन ही पांढरी माती, झिंक व्हाइट हा पांढरा रंग आणि आपल्या सुतारी गोंदाच्याच जातीचा पीव्हीए गोंद यांचे मिश्रण त्याने सेलोटेक्सवर, म्हणजे इमारतींत वापरल्या जाणाऱ्या दाबीव फळीवर पसरले. भेगा हव्या तेवढ्या उमटल्या की वरून गोंदाचा थर देऊन तो त्यांना तिथेच थांबवीत असे. आपल्या स्नेह्याला त्या थांबवण्याविषयी सांगावे: भेग कुठून जाईल हे बुर्री ठरवीत नव्हता, पण थराची जाडी आणि थांबण्याची घटका त्याचीच होती.

हा मनुष्य मूळचा डॉक्टर. १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला गेल्यावर टेक्सासमधील हेरफर्डच्या युद्धकैदी छावणीत तो चित्रे काढू लागला, आणि पुढे जुनी, ठिगळे लावलेली पोती शिवून त्याने चित्रे उभी केली. त्या टाक्यांत मला शल्यचिकित्सकाचा हात दिसतो.

ओला कागद:
दाभण यांच्या तांत्रिक माहितीशी मी सहमत आहे; टाक्यांत शल्यचिकित्सकाचा हात पाहण्याशी नाही. आपल्या चित्रांचे असे अर्थ लावणे बुर्रीने स्वतः कायम टाळले. पोत्याचा तपकिरी रंग, त्याची वीण आणि भोकातून दिसणारा काळा किंवा तांबडा रंग यांचा तोल पाहावा. चरित्र माहीत नसलेल्यालाही तो जाणवतो.

स्नेह्याच्या प्रश्नाला अमेरिकेत चित्रकार जॅक्सन पोलॉकही सामोरा गेला होता. जमिनीवर अंथरलेल्या कॅनव्हासवर तो घरांना लावायचा एनॅमल रंग काठीने ओघळवीत असे, तरीही अपघात आपण मानत नाही, असे त्याने १९५० मध्ये सांगितले होते. मला हा दावा जरा ताणलेला वाटतो. त्यापेक्षा आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे जवळचे वाटतात. रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची सुरी) घेऊन ते थरावर थर देत, कागदाच्या फाटक्या तुकड्यांनी रंग उमटवीत वा उचलून घेत. कागद नेमका किती रंग उचलेल हे कोणाच्याच हाती नसते, पण उमटलेले राहू द्यायचे की त्यावर पुन्हा रोलर फिरवायचा, हे पाहण्यात त्यांचा वेळ जाई. म्हणून वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पुरी होत.

एक इशारा: ताग उजेडात पिवळा व ठिसूळ होतो. चित्र उन्हात टांगू नये.

तरटवाला:
दोघांचे आभार. प्लायवूडच्या तीन तुकड्यांवर तीन जाडीचे थर देऊन तासातासाला पाहत बसलो. पहिल्यात नुसती केसासारखी जाळी आली. सर्वांत जाड थराची मधली भेग कडेपर्यंत पोहोचायला चार बोटे उरली असताना मी वरून पातळ गोंद ओतला आणि ती तिथेच राहिली. आठवडा झाला, फळी दोनदा उलटी करून पाहिली, एकही ढेकूळ पडलेले नाही. स्नेह्याला अद्याप दाखवलेले नाही. ती चार बोटे अजून थोडी कमी हवी होती का, याचा मीच विचार करतो आहे.