‘सॉफ्ट ड्रिंक’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका लेखाचं भाषांतर करतेय. ‘मृदुपेय’ वाचवत नाही. ‘शीतपेय’ म्हटलं तर सरबतही त्यातच आलं. लेख फक्त बुडबुडेवाल्या पेयांवर आहे. कोणता शब्द घेऊ?

— ‘मृदुपेय’ आधी खोडा. ‘हार्ड’ म्हणजे दारू, तिच्या विरुद्ध ‘सॉफ्ट’. मऊपणाचा इथे काही संबंध नाही.

— ‘सोडा’ का नको? जुना, रुळलेला शब्द आहे.

— रुळलेला आहे, पण मराठीत सोडा म्हटलं की बिनसाखरेचं पाणीच डोळ्यांसमोर येतं. तसं अमेरिकेत गोड कोलालाही सोडाच म्हणतात. म्हणजे काही भागांत. मध्य-पश्चिमेत तेच ‘पॉप’ होतं आणि दक्षिणेत कुठल्याही कंपनीचं असो, सरसकट ‘कोक’!

मुळात तो सोडा आला औषधातून. जोसेफ प्रिस्टली यांनी १७६७ मध्ये लीड्सला बिअरच्या कारखान्यात, आंबवणाच्या पिंपावर साचणारा वायू पाण्यात मुरवून पाहिला. १७८३ मध्ये याकोब श्वेप यांनी जिनिव्हात तसल्या पाण्याचा धंदाच काढला. खनिज झऱ्यांचं पाणी प्रकृतीला चांगलं, ही तेव्हाची समजूत. म्हणून त्याची नक्कल करताना सोडियमचे क्षार घालत. तो हा सोडा. पुढे साखर आली, क्षार गेले, नाव चिकटून राहिलं. औषधाचा वास मात्र बराच काळ होता. १८८६ मध्ये कोका-कोला बनवणारे पेम्बर्टन औषधविक्रेतेच होते, आणि सेव्हन-अपमध्ये १९४८ पर्यंत लिथियमचा क्षार असे!

— १८९२ चं पत्र्याचं बूचही विसरू नका. विल्यम पेंटर यांच्या त्या बुचामुळे वायू बाटलीत टिकला. नाहीतर हे पाणी घरोघर कसलं पोचतंय!

— ‘फेसाळ पेय’ कसं वाटतं?

— नको हो. कोला ओतला की फेस वर येतो आणि बघता बघता बसतो. बिअरचा टिकतो, कारण त्याला धान्यातल्या प्रथिनांचा आधार असतो. कोलाची खूण फेस नव्हे, जिभेला बसणारा चिमटा. पाण्यात मुरलेल्या वायूचं कार्बनिक आम्ल होतं, त्याचा तो.

— ‘फसफसतं पेय’ मग. निदान कानाला तरी कळतं.

— मथळ्यात ‘फसफसती शीतपेयं’ आणि पुढे नुसतं ‘शीतपेय’. ‘वायुयुक्त’ वेष्टनांवर राहू दे.

— चालेल. बोलताना मात्र ‘कोल्ड्रिंक’च म्हणणार!