पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा मालक कोण?

प्रश्न (रावेर)
सर्वांना नमस्कार. मागच्या हंगामात एका खतविक्रेत्याने ठरलेली रक्कम देऊन माझ्याकडून केळीबागेचे फोटो काढून घेतले. बोलणी तोंडीच झाली. त्यांतील एका फोटोत बागेचे मालक खांद्यावर घड घेऊन उभे आहेत आणि तो आता विक्रेत्याच्या फलकांवर झळकतो आहे. मला तोच फोटो माझ्या कॅलेंडरवर छापायचा आहे. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाइल) माझ्याकडेच असल्याने हक्क माझाच ना? सारंगखेड्याच्या यात्रेत मी स्वतःहून काढलेल्या फोटोंनाही हाच नियम लागतो का?

उत्तर (वकील, धुळे)
फाइल ताब्यात असणे वेगळे आणि हक्क असणे वेगळे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार फोटो काढणारा हा कर्ता आणि एरवी तोच पहिला मालक असतो; परंतु कलम १७ च्या परंतुकानुसार, म्हणजे त्यातील अपवादानुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर पहिली मालकी काम सांगणाऱ्याकडे जाते. म्हणजे हा फोटो विक्रेत्याचा ठरतो. कर्ता म्हणून आपले नाव लावून घेण्याचा कलम ५७ मधील हक्क मात्र तुमच्याकडेच राहतो. कॅलेंडरसाठी विक्रेत्याची लेखी परवानगी घ्या. परवानगीऐवजी विक्रेत्याकडून कॉपीराइटचा हक्कच लिहून घेणार असाल, तर मुदत व प्रदेश नमूद करा. नाहीतर कलम १९ नुसार मुदत पाच वर्षे आणि प्रदेश भारतापुरता धरला जातो. यात्रेतले फोटो तुमचेच आहेत, नोंदणी केलेली नसली तरी.

उत्तर (स्टुडिओचालक, जळगाव)
मी कोटेशनवरच लिहितो, "कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, ग्राहकास फलक व पत्रकांसाठी एक वर्ष वापराची परवानगी आहे", आणि आगाऊ रक्कम घेतानाच त्याखाली ग्राहकाची सही घेतो. लग्नाच्या कामात मात्र एवढा आग्रह धरू नये, वधूपित्याला ते रुचत नाही. तिथे नमुना म्हणून काही फोटो दाखवण्याची परवानगी मिळाली तरी पुष्कळ झाले.

उत्तर (नंदुरबार)
घड घेतलेल्या शेतकऱ्याचा विचार कोणीच केला नाही. कॉपीराइट कोणाचाही असो, चेहरा त्याचा आहे. संमतीवाचून एखाद्याचे नाव वा छबी जाहिरातीत वापरणे हा खासगीपणाचा भंग ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये आर. राजगोपाल खटल्यात सांगितले आहे. सातपुड्यातील होळीत मी काढलेले नर्तकांचे फोटो जाहिरातीसाठी मागितले गेले, तेव्हा संमतिपत्र त्यांच्या बोलीत वाचून दाखवून मगच सह्या घेतल्या. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची सही घेतली.

प्रश्नकर्ता (रावेर)
शेतकऱ्याने विक्रेत्याला संमती दिली असेल, तर ती मला चालेल का?

उत्तर (वकील, धुळे)
संमतिपत्रात काय लिहिले आहे, ते आधी पाहा. ते फक्त विक्रेत्याच्या खतांच्या जाहिरातीपुरते असेल, तर तुमच्या कॅलेंडरसाठी शेतकऱ्याकडून नवे घ्यावे लागेल आणि त्यात "कॅलेंडर, छपाई व विक्री" हे शब्द यायला हवेत.