सरत्या वर्षात काय वाचलं? नाशिककरांनो, सांगा

डिसेंबर संपत आलाय, थंडी कडाक्याची आहे, म्हटलं हा धागा आत्ताच काढावा. किती पुस्तकं झाली तो आकडा नकोय मला. एखादंच सांगा, पण कधी वाचलं, कुठे बसून वाचलं, आणि मधेच सोडलं असेल तर का सोडलं तेही सांगा.

आधी माझं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. शाळेतल्या धड्यापुरतीच ओळख होती, यंदा सावानातून आणलं (टिळकपथावरचं आपलं 1840 सालचं वाचनालय) आणि दोनदा मुदत वाढवून घेतली. बाईंचा जन्म इथलाच, जलालपूरचा. त्यांच्या आईच्या वडिलांना सत्तावनच्या बंडात फाशी झाली आणि त्या धसक्याने बाईंच्या वडिलांनी सोवळं असं काही धरलं की अख्खं घर त्यात पिळून निघालं. आता माझ्या आईला कोरोनानंतर भाजी तीनतीनदा धुवायची सवय लागलीय, पिशव्या धुते, नाणी धुते, बोटांच्या सालपट्या निघाल्यात तरी धुते, आणि मी गेली काही वर्षं तिच्यावर नुसती खेकसत होते. ती पानं वाचताना एकदम थांबले. धुण्यामागे भीती असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता ती सिंकपाशी उभी राहिली की मी शेजारी जाऊन उभी राहते, एवढंच. पण तिचं धुणं लवकर आटपतं.

नाशिक रोड

ताई, तुमचं वाचून गलबलून आलं. मी पंचवटी एक्सप्रेसचा पासधारक, अठरा वर्षं झाली. जाताना झोप, येताना मोबाईल असंच चालायचं, पण संध्याकाळी कसाऱ्याला मागून बँकर (घाट चढायला ढकलणारं इंजिन) लागला की पुढे इगतपुरीपर्यंत बोगद्यांत रेंज जाते, तेवढ्या वेळात वाचायचं असं जानेवारीत ठरवलं. रोजचा अर्धा तास धरा. तेवढ्यात दोन आत्मचरित्रं आणि एक कथासंग्रह झाला. जाडजूड कादंबरी मात्र जमली नाही, दुसऱ्या दिवशी कोण कोणाचा काका तेच आठवायचं नाही, म्हणून सोडली. गोष्टी बेस्ट, घाटात एक संपते.

पंचवटी

बाबासाहेबांचं चरित्र. काळारामाच्या दरवाज्यासमोरून रोज दोन वेळा जातो, लहानपणी तिथेच खेळलो, आणि 2 मार्च 1930 ला तिथे अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला हे मला एका ओळीत माहीत होतं. तो वर्षानुवर्षं चालला, दादासाहेब गायकवाडांनी इथे राहून तो धरून ठेवला, लोकांनी मार खाल्ला, तुरुंगात गेले, आणि दार काही उघडलं नाही. मग 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात ती धर्मांतराची घोषणा. म्हणजे सगळं आपल्याच जिल्ह्यात! मुलीला घेऊन गेलो, दरवाज्यापाशी उभं राहून सांगितलं. तिने विचारलं, आपले पणजोबा तेव्हा कुठल्या बाजूला होते? घरात कोणालाच सांगता येईना. अजून विचारतोय नातेवाइकांना.

दिंडोरी

आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला बारानंतर मोटार चालू करायची आणि लाईट जाईल म्हणून तिथंच बसायचं. यंदा त्या बसण्यात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचली, बॅटरी लावून. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथं नवीन आलेला पोरगेला मास्तर, आणि शेवटी दुष्काळात सगळी वाडी उठून जाते. ते शेवटचं वाचायच्या आधी मी पुस्तक दीड महिना बाजूला ठेवलं होतं. कारण द्राक्षबागेची गोडी छाटणी (फळासाठीची) झाली आणि ऐन पोंग्यात, कोंब फुटताना, पाऊस लागला, डाऊनी रोग आला, रोज फवारणी, पुस्तकाकडं बघायचं पण मन होईना. त्यांच्याकडं पाऊस नाही म्हणून गेलं, आमच्याकडं पाऊस आला म्हणून गेलं. नंतर वाचलं तेव्हा वाटलं, या माणसानं मेंढरांबद्दल लिहिलंय तसं आमच्या बागेबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे. वडलांना वाचून दाखवलं थोडं. त्यांना अजून काहीतरी पाहिजे, पण अक्षर मोठं पाहिजे.

सिडको

मी चार वर्षं स्पर्धा परीक्षा देतोय, अभ्यासिकेतच असतो. अवांतर वाचलं की अपराध्यासारखं वाटतं. कुसुमाग्रज, विशाखा 1942, ज्ञानपीठ 1987, वाढदिवस 27 फेब्रुवारी, हे झोपेतून उठवलं तरी सांगेन, पण कविता अशी एकही वाचली नव्हती, आणि राहतो कुसुमाग्रजांच्या गावात. जूनमध्ये निकाल लागला, नाव नव्हतं. त्या दिवशी अभ्यासिकेत न जाता 'विशाखा' घेतलं आणि गोदाकाठी जाऊन बसलो. सगळं नाही कळलं. 'आगगाडी आणि जमीन' मात्र तीनदा वाचली. पायाखालची जमीन आधी विनवते आणि शेवटी उठते. नाशिक रोडच्या काका, ही तुम्ही घाटात वाचाच.

दिंडोरीच्या दादा, माझ्या आजोबांची मोठ्या टायपातली चार पुस्तकं घरी आहेत, आता वाचणारं कोणी नाही. तुम्ही नाशिकला आलात की सांगा, मी सीबीएस बसस्थानकापाशी आणून देतो.

दिंडोरी

शनिवारी औषधं घ्यायला येणारच आहे. अकरापर्यंत पोचतो. येताना द्राक्षं आणली असती पण यंदा घरच्यापुरतीच आहेत, तरी एक पिशवी आणतो.