१८ आणि २० व्होल्ट : एकच बॅटरी, निराळी खाच
मकिताच्या १८ व्होल्ट ड्रिलला डीवॉल्टची २० व्होल्टची बॅटरी जास्त जोर देईल का, असे आपण विचारले आहे. आत दोन्हींकडे ओळीने जोडलेले ५ लिथियम सेल असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी सुमारे ४ व्होल्ट धरले की २० होतात आणि वापरातील ३.६ धरले की १८, त्यामुळे जोरात फरक पडत नाही. अडचण खाचेची आहे. बॉशच्या निळ्या व हिरव्या मालिकांच्या १८ व्होल्ट बॅटऱ्यासुद्धा एकमेकींच्या यंत्रांत बसत नाहीत, म्हणून रविवार पेठेत खरेदीला जाताना जुनी बॅटरी अवश्य सोबत न्यावी. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्रात बसवून देणारा अ‍ॅडॅप्टर मात्र मी कटाक्षाने टाळतो, कारण बॅटरी अति रिकामी होऊ न देणारी व्यवस्था काही कंपन्या बॅटरीऐवजी यंत्रात बसवतात आणि परक्या यंत्रावर ते संरक्षण उरत नाही.