महागडी सुरी घ्यायला हात सराईतच लागतो का?

बाळीवेस_कट्टा:
चार माणसांचा रोजचा स्वयंपाक. दोन वेळची भाजी, कोशिंबीर, रविवारी मटण. बहुतेक चिरणं विळीवर, किरकोळ काम दातेरी सुरीवर. आता जपानी पद्धतीची २१० मिमीची सुरी घ्यायचा विचार आहे, बजेट ८ ते १० हजार. घरच्यांचं म्हणणं, कांदा सपासप चिरता येत नाही त्यानं असली सुरी घेणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. आधी हात बसवायचा की आधी सुरी घ्यायची? आणि सोलापुरात तिला धार कोण लावून देणार?

कडक_भाकरी:
वेगाचा इथं संबंधच नाही. हॉटेलात पोत्यानं कांदा चिरायचा असतो म्हणून वेग लागतो. घरची भाजी पाच मिनिटं उशिरा फोडणीला पडली तर काय बिघडलं? उलट नवख्या हातालाच धारेचा फायदा जास्त. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की पातं टोमॅटोच्या सालीवरून घसरून बोटावर येतं. कांद्याचंही तसंच. बोथट धार पेशी चिरडते, मग डोळ्यांना झोंबणारा वायू जास्त सुटतो.

पैसे कशाचे जातात ते कळायला जाड गाजराच्या चकत्या करून बघा. साध्या जाड पात्याची सुरी अर्ध्यावर पोचली की गाजर 'टक्' करून पुढं आपोआप फुटतं आणि चकतीची खालची बाजू खडबडीत निघते. तिथं धारेचा दोष नसतो, धारेमागची जाडी पाचरीसारखी घुसते. चांगल्या सुरीचं पातं धारेमागं पातळ घासलेलं असतं आणि पोलादाला पाणी नीट दिलेलं, म्हणजे तापवून-थंड करून कडक केलेलं असतं. जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण ५६ ते ५८ रॉकवेल (कडकपणा मोजायचं माप) कडक असतात, व्हीजी-१० पोलादाच्या जपानी सुऱ्या ६० च्या आसपास. कडक पोलादावर दर बाजूला १२-१५ अंशांची बारीक धार टिकते.

पण कडक म्हणजे ठिसूळही. वेडंवाकडं वापरलं तर मऊ सुरीची धार वळते, कडक सुरीचा टवका उडतो. म्हणून गुळाची ढेप, वाटणासाठीची खोबऱ्याची वाटी, लोणच्याच्या कैरीची कोय, मटणाचं हाड, फ्रीझरमधला दगड झालेला खिमा, यातलं काहीही या सुरीखाली येऊ द्यायचं नाही. त्यासाठी विळी आणि सत्तूर आहेतच. लाल भोपळ्यात पातं अडकलं तर मूठ पिरगाळू नका, तिथंच टवका जातो. आलं तसं सरळ मागं ओढा. ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं ताट, काचेचा पाट तर नकोच. लाकडी किंवा चांगल्या प्लास्टिकचा पाट घ्या.

तेव्हा तुमच्या कसबापेक्षा मी विचारीन, घरात ती सुरी कुणाकुणाच्या हाती पडणार आहे? तिनं कुणीतरी गूळ फोडणार असेल तर १० हजार घालवू नका.

विळीवाली:
कडक_भाकरींचं पोलादाबद्दलचं पटलं, हाताबद्दलचं अर्धंच. विळीत पातं जागेवर असतं आणि भाजी दोन्ही हातांनी पुढं सरकते. सुरीत नेमकं उलटं. विळीची सवय असलेली माणसं सुरी नुसती वरून खाली दाबतात आणि भाजी धरणाऱ्या हाताचा अंगठा पुढं काढून ठेवतात. नव्या धारेखाली तोच अंगठा सापडतो. दोन गोष्टी तरी आधी बसवाच.

मूठ मागं धरू नका. पातं मुठीला मिळतं तिथं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पातंच धरा, बाकी तीन बोटं मुठीवर. दुसऱ्या हाताची नखं आत वळवा, अंगठा बोटांच्या मागं लपवा आणि मधल्या पेराचा सपाट भाग पात्याला टेकवा. पातं त्या पेरावर घसरत राहतं, धार पेराच्या वर उचलायची नाही. बोटं किती मागं सरकली त्यावर फोडीची जाडी ठरते. तुमचा कांदा एकसारखा येत नाही तो इथंच चुकतो.

कांदा मुळाच्या टोकातून उभा अर्धा करा, पण मूळ काढू नका, त्यानंच पाकळ्या धरून राहतात. सपाट बाजू पाटावर, उभे काप मुळाच्या एक सेंमी अलीकडं थांबवा, मग आडवे कापा. मार्केट यार्डातून पोतं येतंच घरी, आठवडाभर कोशिंबिरीचा कांदा असा चिरा. साध्या सुरीवरच शिका, ५०० रुपयांची चालेल, फक्त धार असू द्या.

आणि २१० कशाला? तिला किमान ४० सेंमी लांबीचा पाट लागतो, आपल्या ओट्यावर गॅसशेजारी तेवढी जागा निघत नाही. १६५ ते १८० मिमीची सान्तोकू, म्हणजे घरगुती वापराची आखूड जपानी सुरी, घ्या.

पाणी_दिलेलं:
धारेचं सांगतो, कारण महाग सुरी घेऊन लोक फसतात ते इथंच.

सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडं ही सुरी देऊ नका. त्याची चूक नाही, विळी-सत्तुराला ते चाक ठीक आहे. पण कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. ठिणग्यांमागं कडेला निळी झाक दिसली की समजा तिथलं पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि पाणी उतरलं. मग ती धार दोन दिवस टिकत नाही. शिवाय कोन ठरतो त्याच्या मनगटावर.

१००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दाण्याचा आकडा, जास्त तितका दगड बारीक) पाण्याचा दगड घ्या. भिजवायचा प्रकार असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात, साधारण १० ते १५ मिनिटं. काही दगड भिजवायचे नसतात, नुसतं वर पाणी शिंपडायचं, खोक्यावर वाचा. खाली ओलं फडकं घाला म्हणजे दगड सरकत नाही. पातं ४५ मिमी रुंद असेल तर १५ अंशांसाठी पाठ दगडापासून सुमारे १२ मिमी वर हवी, करंगळीची जाडी धरा. एकाच बाजूला घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला टाचेपासून (धारेचं मुठीकडचं टोक) टोकापर्यंत बोटाला बारीक खरखर लागत नाही. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. बोट पाठीकडून धारेकडं न्या, धारेच्या लांबीनं कधी फिरवू नका. बर अख्ख्या लांबीवर आल्याशिवाय बाजू बदलली की धार अर्धीच लागते, नवख्यांची हमखास चूक. दुसऱ्या बाजूनंही बर आली की दाब कमी करत आलटून पालटून हलके हात द्या आणि शेवटी चामड्यावर मागच्या दिशेनं, पाठ पुढं आणि धार मागं ठेवून, ओढा. टोमॅटोवर सुरी न दाबता ओढली आणि साल कापली, की झालं.

दगड मध्ये खोल होतो. पेन्सिलनं रेघा मारून काचेवर ठेवलेल्या २२० च्या वॉटरपेपरवर घासा, रेघा पुसेपर्यंत.

बाळीवेस_कट्टा:
सान्तोकू पटली. गूळ फोडायला जुनी सुरी वेगळी काढून ठेवतो. पण कार्बन पोलादाची घ्यावी की स्टेनलेस? कार्बनला धार पटकन लागते म्हणतात.

पाणी_दिलेलं:
लागते, पण तुमच्या घरी स्टेनलेसच. कार्बनवर लिंबू-चिंच लागून पाच मिनिटं राहिली तरी डाग पडतो. सांगोल्याचं डाळिंब सोललं की सालीतल्या टॅनिननं पातं काळं-निळं होतं, वांग्याच्या फोडीही काळवंडतात. प्रत्येक भाजीनंतर पुसायचं भान सगळ्यांना राहील असं वाटत नाही.

स्टेनलेसही सिंकमध्ये टाकून ठेवू नका. धुऊन लगेच कोरडी करा, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. लाकडी मूठ एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सुकून तडकते. तिला करडईचं तेल लावू नका, ते वाळून चिकट थर बसतो. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, त्याचे चार थेंब फडक्यावर घेऊन महिन्यातून एकदा चोळा.

विळीवाली:
आणि ड्रॉवरमध्ये चमच्यांवर टाकू नका. पुठ्ठा दुमडून टेप लावलं की म्यान तयार.