मुक्कामाच्या स्पर्धेत घोडी पाणी पीत नाही, मदत हवी आहे

मारवाडी घोडी, 8 वर्षांची, वजन अंदाजे 380 किलो. साताऱ्याहून पुण्याला दोन रात्रींच्या मुक्कामाची स्पर्धा आहे.

घरी पागेत दिवसाला 25 लिटर पाणी सहज पिते. बाहेर पहिल्या रात्री जेमतेम 8. सकाळी लीद बारीक, कडक गोळ्यांची, वरून चिकट थर. हिरड्यांना बोट लावलं तर कोरडं लागतं. पोटशूळ अजून झालेला नाही, पण तो याच वाटेने येतो, म्हणून जीव टांगणीला लागतो.

बादली घरचीच नेतो. विहिरीचं 60 लिटर पाणी कॅनमधून नेलं, तर ते पिते. पण दुसऱ्या दुपारी संपतं आणि क्लोरीनचा वास असलेल्या नळाच्या पाण्याला नाक लावून मागे सरते. गूळ टाकला, तर ओठ ओले करून सोडून दिलं. चंदीत (दाण्याच्या खुराकात) 30 ग्रॅम मीठ घालत होतो. पाणीच पीत नसताना मीठ धोक्याचं, म्हणून मुक्कामी बंद केलं. चंदी तिथे निम्मी करतो, वाळलं गवत 7 किलो तेवढंच ठेवतो. दात आणि जंत तपासून झालेत.

ओला चारा तिथे मिळत नाही, जास्त कॅन ट्रकमध्ये मावत नाहीत.

गुळाच्या पाण्याची सवय घरीच लावायची तर किती दिवस आधीपासून, आणि 10 लिटरला गूळ किती? गवत भिजवून दिलं, तर या उकाड्यात किती तासांनी उरलेलं फेकावं?